दोन मायक्रॉन डावीकडे

एखाद्या माणसाला एखादं काम फार छान जमतं असं सगळे वर्षानुवर्षं म्हणत राहिले, की ते खरंच जमतं का हे बघायचं तो सोडून देतो. माझं तसंच झालं. रबाळ्याच्या ज्या कारखान्यात मी नोकरी करतो तिथे माझ्या हाताची मोठी ख्याती होती, आणि ती पसरवण्यात माझा स्वतःचा वाटा बराच होता.

कारखाना लहान. रक्तदाब मोजायच्या यंत्रात दाब ओळखणारी जी इवलीशी चिप असते, ती आम्ही बनवतो. सिलिकॉनची बशीएवढी चकती घ्यायची, तिच्यावर उजेडाने बदलणारा लेप द्यायचा, वर नक्षी कोरलेली काच धरायची आणि काचेतून उजेड पाडायचा. उजेड लागला तिथला लेप धुऊन जातो, बाकीची नक्षी उरते. असे एकावर एक थर. याला लिथोग्राफी म्हणतात. लग्नपत्रिकेवरच्या गणपतीचा लाल रंग सोंडेबाहेर गेला तर आपण चालवून घेतो. इथे प्रत्येक थर खालच्या थरावर बरोब्बर बसावा लागतो. त्यासाठी काचेवर आणि चकतीवर बारीक फुल्या असतात. भिंगातून बघत, स्क्रू केसभर इकडे, केसभर तिकडे करत, फुलीवर फुली बसवायची. हे माझं काम. 'केसभर' हाही शब्द ढोबळच आहे. केसाच्या जाडीचे पन्नास भाग करा, त्यातल्या एका भागाची चूक झाली तरी चिप गेली.

हे पन्नास भागांचं वाक्य मी ज्याला ऐकवलं नाही असा माणूस आमच्या गावात शोधून सापडणार नाही. साखरपुड्यात, दहाव्याला, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, रिक्षात. आमचं गाव खाडीकाठचं, माझे वडील मिठागरावर राबले, आणि त्यांचा मुलगा केसाचे पन्नास भाग करतो, हे लोकांना कळायला नको का? गावातल्या डॉक्टरने एकदा माझा रक्तदाब मोजायला पट्टा बांधला, तर त्यालाही मी सांगितलं, की डॉक्टर, या यंत्रात आमचीच चिप असू शकते. त्याने आकडा बघितला आणि मला थोडा वेळ गप्प बसायला सांगितलं.

या लेपाला पांढरा उजेड चालत नाही, म्हणून आमच्या खोलीत फक्त पिवळे दिवे असतात. आत जाताना डोक्यापासून पायापर्यंत पांढरा सूट, मास्क, हातमोजे; डोळे तेवढे बाहेर. पावडर लावून यायचं नाही, नाक खाजलं तरी खाजवायचं नाही. त्या पिवळ्या उजेडात सगळ्यांना कावीळ झाल्यासारखं दिसतं. मला मात्र ती खोली घरापेक्षा आवडायची. तिथे माझं एक स्टूल होतं आणि समोर फुल्या जुळवायचं जुनं मशीन, अलाइनर. बाकीचे थर इतर ऑपरेटर लावायचे, पण चौथा थर, सगळ्यात नाजूक, तो माझ्याशिवाय कोणी लावायचा नाही. हा नियम लिहिलेला नव्हता, पण पाळला जायचा.

आणि नियमाला पुरावा होता. माझ्या मुलीच्या लग्नासाठी मी रजेवर गेलो तेव्हा चौथा थर दुसऱ्याने लावला, आणि सगळ्या चकत्या बाद झाल्या. साहेबांचा फोन आला तेव्हा गावच्या घराच्या अंगणात हळद चालू होती, डीजे लागला होता. मी डीजे थांबवायला लावला. फोन कानाशी धरून, मुलीच्या सासरच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "साहेब, माझ्याशिवाय होत नसेल तर माल थांबवून ठेवा, मी आल्यावर बघतो." त्या दिवशी व्याह्यांच्या नजरेत माझ्याबद्दल जो आदर दिसला, तो मी पुढे कितीतरी दिवस चघळत होतो.

मग नवीन मशीन आलं.

हल्ली सेमीकंडक्टर हा शब्द चहाच्या टपरीवरही ऐकू येतो, त्यामुळे गिऱ्हाईकं साहेबांना विचारायला लागली होती, तुमच्याकडे ऑटो अलाइनमेंट आहे का? नाही म्हणायची लाज वाटून साहेबांनी एक अलाइनर मागवला. चकती तो स्वतः उचलतो, दोन कॅमेऱ्यांनी फुल्या शोधतो आणि डोळा लवायच्या आत एकावर एक बसवतो. खोका दारातून जाईना म्हणून भिंत फोडावी लागली. मी बाजूला उभा राहून भिंत कशी फोडायची याचे सल्ले देत होतो. कोणी ऐकत नव्हतं. साहेबांनी मला बाजूला घेतलं आणि अगदी प्रेमाने सांगितलं, की मशीन सेट झालं की जुनं भंगारात जाईल, आणि मी वरच्या मजल्यावर पॅकिंगच्या तपासणीला बसायचं. तिथे एसी आहे, पांढरा उजेड आहे, डोळ्यांना आराम मिळेल.

पॅकिंग म्हणजे डब्यात स्पंज घालणं. मला त्या पिवळ्या खोलीतून बाहेर जायचं नव्हतं, त्या स्टुलावरून उठायचं नव्हतं, दुसरं काही नको होतं. हे साहेबांना सरळ सांगायला जीभ रेटेना. म्हणून मी म्हणालो, "बघू की साहेब, मशीनला जमतंय का."

मशीनचं काम आमच्या प्रोसेस इंजिनियरकडे होतं. तिशीची मुलगी, लातूरकडची, मला काका म्हणायची. चिडलेली मी तिला कधी पाहिली नाही, आणि त्या दिवसांत मला तिच्या त्याच गोष्टीची चीड यायची. मशीन कंपनीने बंगळुरूहून एक माणूस पाठवला होता. दोघांनी मिळून पहिली खेप काढली. फुलीवर फुली अशी बसली, की दोन फुल्या आहेत हे समजेना. मी भिंगातून बघितलं आणि मला जेवण गेलं नाही.

पण चार दिवसांनी चकत्या पुढच्या चाचणीतून परत आल्या त्या सगळ्या बाद. दुसरी खेप, तीही बाद. त्याच काचा, तोच लेप, तेच पाणी; जुन्या मशीनवर मी लावलेल्या चकत्या पास आणि नव्याच्या नापास. बंगळुरूच्या माणसाने मशीन उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. तो म्हणायचा, मशीनमध्ये काही प्रॉब्लेम नाही. यावर मी कॅन्टीनमध्ये सगळ्यांना सांगायचो, की ज्याला नाचता येत नाही तो अंगणाला वाकडं म्हणतो.

त्या दोन आठवड्यांत मी जे काही बोललो ते आठवलं की आजही कानशिलं गरम होतात. हाताला जे समजतं ते कॅमेऱ्याला समजत नाही, असं म्हणालो. चकतीलाही माणूस ओळखता येतो, असंसुद्धा म्हणालो. एका ऑपरेटरने ते खरं मानलं आणि पुढे काही दिवस तो चकतीला हात लावण्याआधी मनातल्या मनात नमस्कार करायचा. घरी येताना मी पेढे आणले. बायकोने विचारलं कशाचे, तर म्हणालो, मशीन नापास झालं.

एक दिवस ती मुलगी माझ्याकडे आली. म्हणाली, "काका, तुमचा हात मशीनपेक्षा चांगला का, ते मला मोजायचंय. तुम्ही काय करता ते कळलं तर मशीनला शिकवता येईल." तिच्या बोलण्यात एक कणही खोट नव्हती. ती मला गुरू करायला निघाली होती. माझ्या लावलेल्या दहा चकत्या नव्या मशीनच्या कॅमेऱ्याखाली ठेवायच्या, आणि फुलीपासून फुली किती लांब आहे ते मशीनच सांगेल, एवढी साधी परीक्षा. मी लगेच हो म्हणालो. शिवाय साहेबांनाही बोलवा, असं मीच सुचवलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

परीक्षेच्या दिवशी काचेच्या खिडकीपलीकडे साहेब, बंगळुरूचा माणूस आणि दोन शिफ्टचे ऑपरेटर उभे होते. मी स्टुलावर बसलो, मान दोन्हीकडे मोडली, हातमोजे उगाच पुन्हा ओढले. दहा चकत्या लावल्या. शेवटच्या दोन लावताना तर मी स्क्रू फिरवता फिरवता खिडकीकडे बघून मान हलवली.

मशीनने पहिली चकती मोजली. पडद्यावर आकडा आला, दोन मायक्रॉन डावीकडे, म्हणजे माझ्या त्या पन्नास भागांतला एक. दुसरी, दोन मायक्रॉन डावीकडे. तिसरी तशीच. दहाच्या दहा. मला वाटलं, आता सापडलं मशीनचं दुखणं. मी मोठ्याने म्हणालो, की बघा, याचा कॅमेराच वाकडा आहे, मी पहिल्यापासून सांगतोय.

तिने पहिली चकती उचलली, अर्धा फेरा फिरवून ठेवली आणि पुन्हा मोजली. आता दोन मायक्रॉन उजवीकडे दिसले. मग ती माझ्याकडे वळली आणि तिने हळूच समजावलं, की कॅमेरा वाकडा असता तर चकती कशीही ठेवली तरी चूक डावीकडेच दिसली असती. चूक चकतीबरोबर फिरली.

ती म्हणाली, "काका, तुमचं डावीकडे जातंय. पण इतकं एकसारखं मी अजून कुठे बघितलं नाही." दुसरं वाक्य मला त्या वेळी ऐकूच आलं नाही.

कारण पुढच्या अर्ध्या तासात समजलं. काच आणि चकती यांच्यात अगदी बारीक फट असते. डोळा भिंगाच्या मधोमध नसेल तर त्या फटीत फसगत होते. मी स्टुलावर उजव्या कुल्ल्यावर भार देऊन बसतो, मान डावीकडे कलते आणि डावा डोळा अर्धा मिटतो. इतकी वर्षं मी फुली बरोब्बर फुलीवर बसवत होतो, पण कुठल्या तरी तिसऱ्याच ठिकाणाहून बघून. घरी जाऊन हे बायकोला सांगितलं. ती जवळा निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आता कललं व्हय? घरातलं सगलं फोटू इतकी वरसां कोन सरल करतंय?" मी म्हणालो, सिडकोने बांधलेल्या घरांच्या भिंतीच वाकड्या असतात. ती म्हणाली, भिती सरल हायत.

पण एक कोडं राहिलंच. मी जर चुकतो, तर माझ्या चकत्या पास कशा होतात? आणि मशीन चुकत नाही, तर त्याच्या नापास का? इंजिनियरला अंदाज आला होता, पण खात्री करायला ती मला घेऊन सानपाड्याला गेली. आमच्या काचांची नक्षी आखणाऱ्या मॅडम निवृत्त होऊन तिथे राहतात. मॅडमनी चहा केला, माझ्या नातवाची चौकशी केली, आणि प्रश्न ऐकून हसल्या. त्यांना सगळं माहीत होतं.

त्या सांगत गेल्या आणि मी बिस्किट हातात धरून ऐकत राहिलो. मी नवीन होतो तेव्हाच त्यांच्या लक्षात आलं होतं, की माझा चौथा थर डावीकडे बसतो. दुसऱ्या ऑपरेटरचा कधी डावीकडे, कधी उजवीकडे, कधी मधोमध. माझा नेहमी डावीकडे आणि नेहमी तेवढाच. तेव्हा त्यांनी चौथ्या काचेवरची फुली होती तिथेच ठेवली आणि नक्षी दोन मायक्रॉन उजवीकडे सरकवून टाकली. माझी चूक अधिक त्यांची सरकवलेली नक्षी, म्हणजे चिप जागेवर. मुलीच्या लग्नात माझ्या जागी बसलेल्याने फुल्या नीट लावल्या होत्या, म्हणूनच चकत्या बाद झाल्या. नव्या मशीनचा गुन्हाही तोच, की त्याने काम बरोबर केलं. आणि मी त्यावर पेढे वाटले.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंत? मॅडम म्हणाल्या, "सांगितलं असतं तर तुम्ही सुधारायला गेला असता, आणि मग रोज वेगळीकडे गेलं असतं. बरोबर करणारे पुष्कळ मिळतात हो. रोज तेवढंच चुकणारा एकच होता."

आयुष्यात माझा एवढा अपमान आणि एवढं कौतुक एकाच वाक्यात कोणी केलं नव्हतं. घरी येईपर्यंत मी त्यातला अपमान वेगळा काढून बघत होतो, तो निघेना.

आता प्रश्न पुढच्या ऑर्डरचा होता. नवीन काच बनवून यायला वेळ लागणार होता. इंजिनियर म्हणाली, सोपं आहे, मशीनच्या सेटिंगमध्ये दोन मायक्रॉन डावीकडे असं टाकायचं, म्हणजे ते काकांसारखंच लावेल. हे ऐकून बंगळुरूचा माणूस दुखावला. साहेबही घाबरले. एवढं मशीन आणायचं आणि त्याला मुद्दाम चुकायला शिकवायचं, गिऱ्हाईक ऑडिटला आलं तर त्याला काय सांगायचं? त्यापेक्षा काका आहेत, जुनं मशीन आहे, नवीन काच येईपर्यंत काकाच चौथा थर लावतील, असं साहेबांनी ठरवलं. एवढंच म्हणून ते थांबले नाहीत. नंतरही जुनं मशीन ठेवू, काका, तुम्ही इथेच बसा, असंही म्हणाले.

स्टूल वाचलं. मी इतका खूश झालो, की त्या माणसाला बंगळुरूला परत जाण्याआधी गावात घेऊन जाऊन ताजे बोंबील खाऊ घातले. तो बिचारा शाकाहारी निघाला, त्याने भाकरी आणि कांदा खाल्ला.

दुसऱ्या दिवशी मी स्टुलावर बसलो. उजव्या कुल्ल्यावर भार दिला, आणि आपण उजव्या कुल्ल्यावर भार देतोय हे मला कळलं. मान कलली, आणि ती कलल्याचं कळलं. डावा डोळा किती मिटायचा? पूर्वी किती मिटत होता? फुली फुलीवर बसली असं वाटलं की मनात यायचं, ही खरी बसली की माझी नेहमीची? मग थोडं डावीकडे ढकलायचो. मग वाटायचं, हे जास्त झालं. सरळ बसून पाहिलं, मुद्दाम वाकडं बसून पाहिलं. जुन्या मशीनवरच्या चकत्या ती मुलगी रोज मोजायची आणि मला आकडे दाखवायची. एक डावीकडे तीन, एक अर्धा, एक चक्क उजवीकडे. तिसऱ्या दिवशी तिने आकडे दाखवायचे बंद केले, आणि त्याचा अर्थ मला कळला.

खेप बाद होत होती. कोणी मला बोललं नाही. पूर्वी माझ्याशी हुज्जत घालणारे ऑपरेटरही अदबीने वागायला लागले, तेव्हा मला जास्त वाईट वाटलं. साहेब म्हणाले, टेन्शन घेऊ नका, सवय होईल. पण माझी सवय तर गेली होती, आणि ती कुठे ठेवली होती ते मला आठवत नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी मी पांढरा सूट घालून आत गेलो, पण जुन्या मशीनकडे वळलो नाही. त्या मुलीजवळ गेलो आणि म्हणालो, "परीक्षेच्या दिवशीच्या त्या दहा चकत्यांचे आकडे आहेत ना, ते मशीनमध्ये टाक. ऑडिटवाल्यांना मी सांगेन."

तिने एकदा माझ्याकडे बघितलं. नको काका, असं काही म्हणाली नाही, याबद्दल मी तिचा आजन्म ऋणी आहे. तिने साहेबांना फोन करून विचारलं. ऑडिटला मीच बोलणार याची त्यांनी दोनदा खात्री करून घेतली, मग हो म्हणाले. तिने आकडा टाकला. मशीनने चकती उचलली, फुल्या शोधल्या, बरोब्बर एकावर एक आणल्या, क्षणभर तिथेच थांबलं, आणि मग सगळं हलकेच डावीकडे सरकवलं. मास्क होता म्हणून बरं.

ती म्हणाली, काका, बघून घ्या. मी भिंगाखाली बघितलं. फुली डावीकडे होती आणि नक्षी खालच्या थरावर चपखल. तो माझाच चौथा थर होता, मुलीच्या लग्नाआधीचा, नंतरचा, अगदी गेल्या महिन्यापर्यंतचा. मी बरोबर आहे म्हणालो आणि पुढची चकती घ्यायला हात पुढे केला. ती मशीनने आधीच घेतली होती.